कृत्रिम बुद्धिमत्ता व समाज

ओळखणे, अनुमान काढणे, भाषा समजणे, अनेक पर्यायांतून निवड करणे यांसारखी जी कामे माणसाने केली असता त्यांना बुद्धी लागते असे आपण म्हणतो, ती कामे यंत्राकडून, मुख्यत्वे संगणकाकडून, करवून घेण्याचे शास्त्र व तंत्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता होय. या शास्त्राची गणितीय व तांत्रिक बाजू अन्यत्र वर्णिली आहे [⟶ संगणक]. प्रस्तुत नोंदीत त्याच्या सामाजिक परिणामांचा विचार केला आहे. ही विद्या समाजाची प्रगती मानावी की चिंतेची बाब, असा प्रश्न सर्वत्र विचारला जातो व त्याचे उत्तर यंत्र किती समर्थ आहे यावर अवलंबून आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. आतापर्यंतचा अनुभव मात्र वेगळा आहे. सारख्याच तत्त्वावर चालणारी यंत्रे एका ठिकाणी उपकारक, तर दुसऱ्या ठिकाणी घातक ठरली आहेत. यंत्राने काढलेल्या निष्कर्षाची जबाबदारी कोणी घेतली आणि ज्याच्यावर त्याचा परिणाम झाला त्याला कारण विचारण्याची व निर्णय फिरवून घेण्याची सोय होती की नाही, यावर बरेचसे अवलंबून राहिले आहे.

पूर्वपीठिका : ब्रिटिश गणितज्ञ ॲलन मॅथिसन ट्यूरिंग (१९१२–५४) यांनी १९५० मध्ये ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात ‘यंत्रे विचार करू शकतील काय?’ हा प्रश्न उपस्थित केला. विचार या शब्दाच्या व्याख्येचा वाद बाजूस ठेवून, लेखी संभाषणात यंत्र व माणूस यांतील फरक परीक्षकाला ओळखता येतो की नाही, एवढेच पाहावे, असे त्यांनी सुचविले. त्याच वर्षी अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर (१८९४–१९६४) यांचा स्वयंचलनाच्या सामाजिक परिणामांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे या विद्येविषयीची आशा आणि तिच्याविषयीची चिंता या दोहोंचे वय जवळजवळ सारखेच आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा जॉन मॅकार्थी (१९२७–२०११) यांनी रूढ केली. त्यांनी मार्व्हिन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर व क्लॉड शॅनन यांच्या सहकार्याने १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरविलेल्या अभ्याससत्रापासून या शास्त्राचा औपचारिक आरंभ मानतात.

पुढील वाटचाल सरळ झाली नाही. ब्रिटनमध्ये १९७३ च्या लाइटहिल अहवालाने या संशोधनाची फलिते फार तोकडी असल्याचे दाखविले व शासकीय साहाय्य आटले. तज्ञाचे ज्ञान नियमांच्या रूपाने यंत्रात भरावयाचे, ही १९७०–९० या काळातील पद्धती मर्यादित क्षेत्रातच उपयोगी पडली. वैद्यालाही आपण निदान कसे केले हे पूर्णपणे नियमांत सांगता येत नाही, ही तिची मूळ अडचण होती.

सामाजिक दृष्टीने त्या काळातील सर्वांत बोधप्रद प्रयोग एका अगदी साध्या आज्ञावलीचा होता. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम (१९२३–२००८) यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. मानसोपचारतज्ञ रुग्णाचेच वाक्य प्रश्नाच्या रूपाने त्याला परत विचारतो, त्याचे ती केवळ अनुकरण करीत असे. कोणी आईविषयी काही लिहिले की ‘आपल्या कुटुंबाविषयी अधिक सांगा’ असे उत्तर येई. तिला अर्थ मुळीच कळत नव्हता. तरीही ही आज्ञावली कशी रचली गेली हे महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनी, थोडे संभाषण झाल्यावर, आपल्याला यंत्राशी एकान्तात बोलता यावे म्हणून त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. या घटनेने वायझेनबाउम अस्वस्थ झाले. बालपणी नाझी जर्मनीतून कुटुंबासह देशत्याग करावा लागलेल्या या संशोधकाने १९७६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, यंत्राला एखादे काम करता येईल की नाही हा एक प्रश्न आणि ते त्याच्याकडे सोपवावे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचेही तसेच असते असे नाही. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना हे मत भाबडे वाटले. आज ते तसे वाटत नाही.

यंत्राचे शिकणे : सध्याच्या प्रणाली नियमांवर नव्हे, तर उदाहरणांवर उभ्या आहेत. मेंदूतील चेतापेशींच्या जुळणीवरून सुचलेल्या तंत्रिका-जाल या गणितीय रचनेत असंख्य अंक असतात. यंत्राला एखादे उदाहरण दाखवावयाचे, त्याचे उत्तर खऱ्या उत्तराशी ताडून पाहावयाचे व चूक थोडी कमी होईल अशा रीतीने ते अंक किंचित बदलावयाचे, ही क्रिया कोट्यवधी वेळा केली की यंत्र ‘शिकते’. कल्पना जुनी होती. पण तिला पुरेशी उदाहरणे व पुरेसे वेगवान संगणक २०१० च्या सुमारास मिळाले. प्रतिमा ओळखण्याच्या २०१२ मधील स्पर्धेत जेफ्री हिंटन व त्यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रणालीचे चुकण्याचे प्रमाण सु. १५ टक्के, तर दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाचे सु. २६ टक्के होते. तेव्हापासून या क्षेत्राची दिशाच बदलली. २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या नव्या रचनेमुळे भाषेवरही हीच पद्धती यशस्वी झाली आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाल्यावर हा विषय प्रयोगशाळेतून घरोघरी पोहोचला.

या पद्धतीतून दोन गोष्टी ओघानेच येतात. पहिली अशी की, यंत्राला जे येते ते मागील नोंदींतून येते. नोंदींत जे नाही ते त्याला ठाऊक नसते आणि नोंदींत जो अन्याय आहे तो त्याला नियम वाटतो. दुसरी अशी की, एखादे उत्तर का आले याचे कारण त्या असंख्य अंकांत विखुरलेले असते; ते माणसाला समजेल अशा वाक्यात सांगणे प्रणाली तयार करणाऱ्यांनाही अनेकदा साधत नाही. पुढील बहुतेक प्रश्न या दोहोंतून उद्‌भवतात.

विज्ञान व आरोग्य : या विद्येचे निर्विवाद यश म्हणून प्रथिनांच्या रचनेचे उदाहरण देता येईल. प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची साखळी. ती कशी दुमडते यावर तिचे कार्य ठरते आणि एकेका प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रयोगाने निश्चित करण्यास महिने वा वर्षे लागत. ‘आल्फाफोल्ड’ या प्रणालीने २०२० मध्ये ही रचना केवळ अम्लांच्या क्रमावरून बऱ्याच अचूकपणे वर्तविली व २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाल्या. या कार्याबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना नव्या प्रथिनांच्या संगणकीय अभिकल्पाबद्दल देण्यात आला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ही प्रणाली ज्या उदाहरणांवर शिकली, ती १९७१ पासून चालत आलेल्या एका सार्वजनिक संग्रहातील होती व जगभरच्या हजारो संशोधकांनी प्रयोगाने मिळविलेल्या रचना त्यात खुल्या ठेवल्या होत्या. यंत्राच्या यशामागे अशी सामाईक ठेव असते, हे सहसा सांगितले जात नाही.

वैद्यकातील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. मधुमेहामुळे दृष्टिपटलास होणारा विकार वेळीच कळला, तर अंधत्व बहुधा टाळता येते. परंतु तपासणीस नेत्रतज्ञ पुरे पडत नाहीत. गूगल कंपनीच्या संशोधकांनी दृष्टिपटलाच्या १,२८,१७५ छायाचित्रांवर शिकविलेल्या प्रणालीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. या छायाचित्रांत अमेरिकेबरोबरच मदुराईच्या अरविंद व चेन्नईच्या शंकर नेत्रालयासारख्या भारतीय रुग्णालयांतील छायाचित्रेही होती. प्रणालीची अचूकता नेत्रतज्ञांच्या तोडीची आढळली. पुढे थायलंडमधील ११ आरोग्यकेंद्रांत ती वापरून पाहण्यात आली, तेव्हा तपासलेल्या छायाचित्रांपैकी सु. २१ टक्के छायाचित्रे तिने गुणवत्ता अपुरी म्हणून नाकारली. केंद्रांतील खोल्यांत पुरेसा अंधार नव्हता, छायाचित्र पाठविण्यास लागणारी जोडणी मंद होती आणि नाकारले गेलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावी, रोजगार बुडवून तज्ञाकडे जावे लागणार होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीतून असे दिसून आले की, यंत्राची अचूकता आणि त्याची उपयुक्तता या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी मोजण्यासाठी केंद्रात जाऊन परिचारिकेशेजारी बसावे लागते.

अचूकतेच्या आकड्याविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. समजा, एखादी चाचणी ९५ टक्के अचूक आहे, म्हणजे रोगी व निरोगी या दोघांनाही ती १०० पैकी ९५ वेळा बरोबर ओळखते. १,००,००० लोकांपैकी १ टक्का, म्हणजे १,००० लोकांना विकार असेल, तर त्यांपैकी ९५० जण सापडतील व ५० निसटतील. मात्र उरलेल्या ९९,००० निरोगी लोकांपैकी ५ टक्के, म्हणजे ४,९५० जणांनाही विकार असल्याचे सांगितले जाईल. एकूण ५,९०० जणांवर खूण होईल व त्यांपैकी खरे रोगी सु. १६ टक्केच असतील. रुग्णालयात ही चूक पुढील तपासणीत दुरुस्त होते, कारण तेथे खूण म्हणजे केवळ संशय असतो. त्याच गणिताने एखाद्या खात्याने लबाड अर्जदार शोधावयाचे ठरविले आणि खूण झालेल्यास अपराधी समजले, तर काय होते याचे उत्तर नेदर्लंड्समध्ये मिळाले.

नेदर्लंड्समधील प्रकरण : त्या देशात नोकरी करणाऱ्या पालकांना पाळणाघराच्या खर्चासाठी शासनाकडून भत्ता मिळतो. तो आगाऊ दिला जातो व नंतर हिशेब पाहिला जातो. हे काम तेव्हा करखात्याकडे होते. खोट्या दाव्यांविरुद्ध जनमत तीव्र झाले असता, २०१३ पासून या खात्याने अर्जांची जोखीम ठरविणारी, स्वतः शिकणारी एक संगणकीय प्रणाली वापरण्यास सुरुवात केली. प्रत्येक अर्जाला ती गुणांक देई व जास्त गुणांकाचे अर्ज अधिकाऱ्यांकडे तपासणीस जात. गुणांक ठरविणाऱ्या घटकांत अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही एक होता. अधिकाऱ्याला गुणांक दिसे. तो इतका का आला हे दिसत नसे. त्यामुळे अर्जात काहीतरी खोट असलीच पाहिजे, अशा समजुतीने तपासणीस प्रारंभ होई.

राहिलेली एखादी स्वाक्षरी किंवा पालकाने स्वतः भरावयाच्या हिश्श्याची न सापडणारी पावती एवढ्यावरून संपूर्ण वर्षांचा भत्ता परत मागण्यात आला. कित्येक कुटुंबांवर हजारो यूरोंचे कर्ज झाले. घरे गेली, संसार मोडले, काही कुटुंबांतील मुले पालकांपासून दूर ठेवण्यात आली. कारण विचारणाऱ्यास सरळ उत्तर मिळत नव्हते आणि न्यायालयेही वर्षानुवर्षे खात्याचीच बाजू घेत राहिली. ‘सर्व किंवा काहीच नाही’ हा कायद्याचा कठोर अर्थ तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०१९ मध्ये बदलला. संसदीय समितीने डिसेंबर २०२० मध्ये दिलेल्या अहवालाचे नावच ‘अभूतपूर्व अन्याय’ असे होते. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. बाधित पालकांना प्रत्येकी किमान ३०,००० यूरो भरपाई देण्याचे ठरले व असे तीस हजारांहून अधिक पालक आतापर्यंत मान्य झाले आहेत. नागरिकत्वाच्या माहितीचा बेकायदा व भेदभावपूर्ण वापर केल्याबद्दल तेथील वैयक्तिक माहिती संरक्षण प्राधिकरणाने करखात्यास २७.५ लाख यूरोंचा दंड केला.

हे सर्व यंत्राने केले असे म्हणणे चुकीचे ठरेल. कायदा कठोर होता, अधिकारी संशयी होते आणि खात्याचा वचक वाढावा अशी राजकीय पक्षांचीही इच्छा होती. यंत्राने या वृत्तीला वेग दिला आणि तिच्यावर तटस्थतेचा मुलामा चढविला. कारकुनाने आडनाव पाहून अर्ज बाजूला काढला असता, तर तो पक्षपात म्हणून ओळखू आला असता. तेच काम गुणांकाच्या रूपाने झाले, तेव्हा ते शास्त्रीय वाटले. त्याच देशात नागरिकांच्या निरनिराळ्या नोंदी एकत्र करून फसवणुकीची शक्यता वर्तविणारी ‘सायरी’ ही दुसरी प्रणाली मात्र हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग करणारी ठरविली. तिचे कार्य तपासून पाहता येण्याजोगे नाही, हे निकालाचे एक मुख्य कारण होते.

भारतात असे प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आले आहेत. तेलंगण राज्यात शासकीय नोंदी जुळवून अपात्र लाभार्थी शोधणारी ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली वापरण्यात आली. त्या राज्यात संगणकीय छाननीवरून रद्द झालेल्या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. नोंदी जुळविण्याचे काम आपल्याकडे मुळातच कठीण आहे. ‘जाधव’ हे एकच आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलते आणि एकाच गावात एकाच नावाची चार माणसे सापडतात. तलाठ्याला किंवा रास्त भावाच्या दुकानदाराला जे सहज ठाऊक असते, ते यंत्राला नोंदीत नसल्यास ठाऊक नसते.

हेतुशून्य पक्षपात : भेदभाव करण्याचा कोणाचाही विचार नसताना तो कसा शिरतो, याचे उत्कृष्ट उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. तेथील रुग्णालयांत कोणत्या रुग्णाला विशेष देखभालीची गरज आहे, हे ठरविणारी एक प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरात होती. तिला वंशाची माहिती दिलेलीच नव्हती. आजाराचे गांभीर्य थेट मोजणे अवघड, म्हणून रुग्णावर मागे झालेला खर्च हे गांभीर्याचे माप धरण्यात आले होते. वरवर पाहता हे सयुक्तिक वाटते. परंतु कृष्णवर्णीयांना तेवढ्याच आजारात कमी उपचार मिळत आल्यामुळे त्यांच्यावरील खर्च कमी होता. साहजिकच यंत्राने त्यांना कमी आजारी ठरविले. ही चूक दूर केली, तर विशेष देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांपर्यंत वाढेल, असे २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासात दाखविण्यात आले. दोष गणितात नव्हता, मापाच्या निवडीत होता. आणि ही निवड माणसांनी केली होती. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यापारी प्रणालींच्या जॉय बुओलाम्विनी व तिम्नित गेब्रू यांनी २०१८ मध्ये केलेल्या तपासणीत गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के, तर सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. अशा प्रणाली पोलिसी कामासाठी विकत घेणाऱ्या देशांनी हा आकडा नजरेआड करू नये.

रोजगार : यंत्रामुळे काम जाईल ही भीती भारतात नवी नाही. आयुर्विमा महामंडळाने १९६० नंतरच्या दशकात संगणक आणावयाचे ठरविले, तेव्हा विशेषतः कलकत्त्यातील कर्मचाऱ्यांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील स्वयंचलनविषयक समितीने १९७२ मध्ये आपला अहवाल सादर केला. बँकांतील संगणकीकरणाचा मार्ग चक्रवर्ती रंगराजन समितीच्या १९८४ मधील अहवालाने आखला गेला व तो कर्मचारी संघटनांशी करार करीत हळूहळू अंमलात आला. या इतिहासावरून ‘तेव्हाची भीती खोटी ठरली, तशीच आताचीही ठरेल’ असा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. तो अर्धाच खरा आहे. संगणकाने नवे उद्योग उभे केले हे खरे. पण मुद्रणालयातील जुळारी, टंकलेखक, हिशेबनीस यांची जी कामे गेली, ती गेलीच, आणि नवी कामे बहुधा त्याच माणसांना मिळाली नाहीत. बँकांतील बदल सुसह्य झाला, याचे बरेचसे श्रेय त्या विरोधामुळे व वाटाघाटींमुळे मिळालेल्या अवधीला द्यावे लागेल.

भाकितांच्या बाबतीत तज्ञही चुकतात. क्ष-किरण व तत्सम प्रतिमा वाचणाऱ्या वैद्यांचे प्रशिक्षण आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल, असे हिंटन यांनी २०१६ मध्ये म्हटले होते. या क्षेत्रात शेकडो प्रणाली आल्या, तरी त्या वैद्यांची गरज संपलेली नाही. प्रतिमा वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता, संपूर्ण काम नव्हते. मात्र लेखन, भाषांतर, चित्रकला, आज्ञावली-लेखन यांसारख्या व्यवसायांत यंत्र आता थेट शिरले आहे. हॉलिवुडच्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये केलेल्या १४८ दिवसांच्या संपातील मागण्यांत यंत्रलिखित मजकुराच्या वापरावर मर्यादा घालण्याची मागणी होती व करारात ती बऱ्याच अंशी मान्य झाली. अधिक खोल प्रश्न उमेदवारीचा आहे. नवशिक्याला दिली जाणारी साधी कामे, जसे पहिला मसुदा करणे, जुनी प्रकरणे चाळणे, मुद्रिते तपासणे, ही केवळ कामे नसतात. त्यांतूनच पुढचा तज्ञ घडतो. ती कामे यंत्राकडे गेली, तर यंत्राची चूक ओळखू शकणारा तज्ञ वीस वर्षांनी कोठून मिळणार, हे कोणत्याही आस्थापनाच्या ताळेबंदात दिसत नाही.

यंत्राच्या मागे असलेले मानवी श्रमही झाकलेले असतात. भाषा वापरणाऱ्या प्रणालींना हिंसक व बीभत्स मजकूर ओळखता यावा, म्हणून तसा मजकूर दिवसभर वाचून त्यावर खुणा करणाऱ्या केनियातील कामगारांना ताशी दोन डॉलरपेक्षाही कमी वेतन मिळत असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. विजेचा खर्चही दुर्लक्षणीय नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा अभिकरणाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील माहिती-केंद्रांनी सु. ४१५ अब्ज किलोवॉट-तास, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या सु. दीड टक्का वीज वापरली. तीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाटा वेगाने वाढत आहे.

भाषा व सत्य : भाषा-प्रतिमाने पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता अधिक, याचा अंदाज बांधून वाक्य रचतात. त्यामुळे ओघवती व आत्मविश्वासपूर्ण, पण साफ खोटी विधाने त्यांच्याकडून होतात. न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी यंत्राने सुचविलेले, अस्तित्वातच नसलेले न्यायनिवाडे न्यायालयापुढे ठेवले व त्याबद्दल जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. माणूस अडखळला की ऐकणारा सावध होतो. यंत्र कधी अडखळत नाही.

मराठीसारख्या भाषांना या विद्येपासून लाभही आहे आणि तोटाही. २०११ च्या जनगणनेनुसार ८.३ कोटी लोकांची मातृभाषा असूनही महाजालावरील मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने अत्यल्प आहे. जो मजकूर आहे, त्यातही वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांसारख्या बोलींना फारसे स्थान नाही. परिणामी यंत्राची मराठी पुष्कळदा इंग्रजी वाक्यरचनेवर मराठी शब्द बसविल्यासारखी असते, आणि अशा मजकुराचाच पुन्हा उदाहरणे म्हणून उपयोग झाला, तर ती तशीच रुजण्याचा धोका आहे. उलट सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निकालांच्या अनुवादासाठी ‘सुवास’ ही प्रणाली वापरात आणली असून, यंत्राने केलेला अनुवाद भाषांतरकारांकडून तपासून घेतला जातो. मराठीतही असे निकाल उपलब्ध होत आहेत. केंद्र शासनाची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘भाषिणी’ ही योजना भारतीय भाषांची आधारसामग्री जमविण्याचे काम करते. खेड्यातील पक्षकाराला आपल्या खटल्याचा निकाल स्वतःच्या भाषेत वाचता येणे ही प्रगती नाही असे कोण म्हणेल? परंतु तीही तपासणारा भाषांतरकार मध्ये आहे तोवरच भरवशाची.

यंत्र माणसाच्या नियंत्रणाबाहेर जाईल, ही भीती कादंबऱ्यांपुरती राहिलेली नाही. हिंटन यांनी मे २०२३ मध्ये गूगल सोडून या धोक्याविषयी उघडपणे बोलण्यास सुरुवात केली व त्याच महिन्यात शेकडो संशोधकांनी मानवजातीच्या विनाशाचा धोका टाळणे याला जागतिक अग्रक्रम द्यावा, असे एका ओळीचे निवेदन प्रसिद्ध केले. ज्यांनी ही विद्या घडविली त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. तथापि दूरच्या संकटाच्या चर्चेत आजच्या अर्जदाराचा नाकारलेला भत्ता विसरला जातो, ही टीकाही तितकीच ग्राह्य आहे.

कायदा : यूरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला. यंत्राच्या प्रकाराऐवजी त्याच्या उपयोगातील जोखमीनुसार वर्गवारी करणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. नागरिकांना वर्तनावरून सामाजिक गुण देण्यासारख्या काही प्रथांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी असून अन्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. त्यापूर्वीच, २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण विनियमाच्या २२ व्या अनुच्छेदाने, केवळ यंत्राने घेतलेल्या गंभीर परिणामाच्या निर्णयास सामान्यतः अधीन न होण्याचा हक्क व्यक्तीस दिला आहे. भारताच्या २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात असा स्वतंत्र हक्क नाही. व्यक्तीवर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी वापरलेली माहिती पूर्ण, अचूक व सुसंगत असावी, एवढे बंधन मात्र त्यात आहे. याहून जुनी व या संदर्भात अधिक उपयोगी तरतूद माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये सापडते. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना दिली पाहिजेत, असे त्याच्या कलम ४ (१) (घ) मध्ये म्हटले आहे. निर्णय माणसाने घेतला की यंत्राच्या साहाय्याने, असा भेद या कलमात नाही. यंत्राने दिलेला गुणांक अर्जदारापुढे ठेवणे म्हणजे कारण देणे नव्हे. तेव्हा ज्या प्रणालीचा निष्कर्ष अधिकाऱ्याला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येत नाही, तिच्या आधारे शिधापत्रिका, निवृत्तिवेतन किंवा शिष्यवृत्ती नाकारणे या कलमाशी विसंगत ठरते.